रणभूमीची चित्रं (लेखांक ५) : असईच्या गोलंदाजाचा चेहरा

दुसरबीडहून सिंदखेडराजा, देऊळगावराजा करत जाफराबादच्या अंगाला उतरलं की असई फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली. लढाईचा तपशील मागच्या भागात आला आहे. आज तिच्या चित्राकडे वळू.

पुस्तकांत वारंवार दिसणारं असईचं रंगीत छापचित्र विल्यम हीथच्या चित्रावरून स्टॅडलरने कोरलं आणि ते १८१५ साली लंडनमध्ये निघालं. लढाई झाली तेव्हा हीथ आठ-नऊ वर्षांचा पोर होता! मग रणांगणावर कागद-पेन्सिल नव्हती का? होती, पण ती इंजिनिअर अधिकाऱ्यांच्या हातात. तोफा कुठे, पलटणी कुठे, केळना नदीला उतार कुठे सापडला, एवढंच त्यांच्या नकाशात येई. माणसाचं तोंड नकाशात कशाला येईल?

आणि तोंडं तर बघण्यासारखी होती. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी अखेरपर्यंत उभे राहिले. गोऱ्या पलटणी अंगावर आल्या तेव्हा काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडले, पलटणी पुढे सरकल्यावर उठले आणि त्याच तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर डागू लागले. त्या दिवशी इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. आमच्या मुलखात एवढं घडलं आणि त्यातल्या एका गोलंदाजाचंही समोर बसून काढलेलं चित्र माझ्या पाहण्यात नाही. याची हळहळ मला आजही वाटते.

लढाईवर मुद्दाम चित्रकार धाडायची रीत पुढे रुळली. १८४२ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक सुरू झालं. चित्रकार विल्यम सिम्प्सन १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर पोचला, आणि १८६८ मध्ये मुंबई इलाख्याची फौज ॲबिसिनियावर गेली तेव्हा त्या मोहिमेचीही चित्रं त्याने काढली. मात्र चित्रकाराची रेघ जशीच्या तशी छापली जात नसे. रेखाटन टपालाने लंडनला जाई. तिथे दुसराच चितारी ते बॉक्सवुडच्या गुळगुळीत ठोकळ्यावर उलटं उतरवी. या झाडाचं खोड बारीक, म्हणून लहान लहान तुकडे मागून बोल्टने आवळून मोठा ठोकळा करत. काम घाईचं असलं की तुकडे सुटे करून एकेक कोरणाऱ्याला वाटायचे आणि कोरून झाले की पुन्हा जोडायचे. त्या साप्ताहिकाचा जुना अंक हाती आला तर चित्र उजेडाकडे धरून बघा, आभाळातून आरपार गेलेली बारीक पांढरी रेघ दिसते. तो ठोकळ्याचा सांधा. घाईत अर्धवट राहिलेले चेहरे, पागोटी, घोडे लंडनमध्येच अंदाजाने पुरे होत.

डोळ्यांसमोरचं हुबेहूब काढणारे हात आपल्याकडे नव्हते असं मात्र नाही. असईच्या दहा-बारा वर्षं आधी पुण्यात गंगाराम तांबट होते. पेशवे दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यांनी वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. गेंड्याच्या कातडीची घडी न् घडी ज्या हाताने टिपली, तो हात केळनाकाठी असता, तर तोफेला खांदा लावून ती फिरवणारा गोलंदाज आज आपण नावानिशी नाही तरी चेहऱ्याने ओळखला असता.