पत्ते पिसता आले म्हणून कोणी डीलर होत नाही

पोळ्याची कर असो की दिवाळी, आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतातच. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बावन्न ताशपत्त्यांवर एक्का-बादशाह खेळताना इतके जण ताब्यात’ ही बातमीही ठरलेली. त्यामुळे रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या एखाद्या पोराने घरी सांगितलं, की ‘गोव्याला कॅसिनोत डीलर म्हणून लागतो’, तर आईबापांच्या डोळ्यांपुढे आधी पोलिसांची धाड येते. पोराच्या डोळ्यांपुढे असतात झुंबरं, काळा कोट आणि टिपांचा पाऊस. दोन्ही चित्रं बरीचशी ऐकीव आहेत.

‘पोरगं फ्लशमध्ये कोणाला ऐकत नाही, त्याला तर लगेच घेतील!’

डीलर मुळात खेळतच नाही. ब्लॅकजॅकमध्ये त्याच्या पानांची बेरीज सोळापर्यंत असेल तर त्याला पान काढावंच लागतं आणि सतरा झाली की थांबावं लागतं. काही ठिकाणी एक्का अकरा धरून सतरा झाले तर वेगळा नियम असतो, पण तोही आधी लिहिलेला. बॅकरामध्ये तिसरं पान कधी काढायचं याचा तक्ताच ठरलेला आहे. अंदाज, धाडस, समोरच्याचा चेहरा वाचणं, म्हणजे आपल्या कट्ट्यावर ज्याला खेळ म्हणतात ते सगळं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. अलीकडच्या बाजूला लागतो हिशेब, तोही तोंडी आणि चारचौघांच्या नजरेखाली.

रूलेटचंच बघा. चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ खण असतात. थेट आकड्यावर लावलेल्या एका चिपला ३५ मिळतात, दोन आकड्यांमधल्या रेघेवरच्या चिपला १७, तीनच्या ओळीला ११, चार आकड्यांच्या कोपऱ्याला ८ आणि सहा आकड्यांना ५. आता समजा गोळी १७ वर थांबली. एका गिऱ्हाइकाच्या दोन चिपा थेट १७ वर आहेत, तीन चिपा १७ आणि २० यांच्या रेघेवर, चार चिपा १७-१८-२०-२१ च्या कोपऱ्यावर. पस्तीस दुणे सत्तर, सतरा त्रिक एक्कावन्न, आठ चोक बत्तीस, एकूण १५३. एवढं करायला मिळतात काही सेकंद, शेजारी आणखी चौघांच्या रंगीत चिपा पडलेल्या असतात आणि त्यातल्या एकाने घेतलेली असते. चूक झाली तर कॅल्क्युलेटर मागता येत नाही, सुपरवायझर येतो.

म्हणून या कामाची खरी पूर्वतयारी जिल्हा परिषदेच्या शाळेत होऊन गेलेली असते. सतराचा पाढा आपल्याला येतोच. पस्तिसाचा पाठ करावा लागेल, कारण शाळा तिसावर थांबते. आजोबांच्या पिढीने घोकलेली दिडकी तर इथे नव्याने कामाला येते. ब्लॅकजॅक लागला की बहुतेक जुन्या पद्धतीच्या टेबलांवर दोनाला तीन, म्हणजे दीडपट द्यायचे असतात: ७०० वर १,०५०. ज्याला ‘सात दिडे साडेदहा’ येतं, त्याला आकडा मांडायची गरज पडत नाही.

हातांचंही शिक्षण आहे. वीस चिपांची चवड एका हातात धरून, न मोजता, बोटांच्या अंदाजाने पाच-पाचच्या चार चवडी पाडायच्या. घरी पाच रुपयांची वीस नाणी घेऊन बसा. पहिल्या दिवशी नाणी पलंगाखाली जातील, पंधरा दिवसांनी बोटांना जाडी कळायला लागेल. टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे उघडे करून उलटसुलट दाखवतो. ते दाखवणं गिऱ्हाइकासाठी नसतं, वरच्या कॅमेऱ्यासाठी असतं. बऱ्याच ठिकाणी गणवेशाला खिसे नसतात किंवा ते शिवून टाकलेले असतात. ज्याला सारखा शर्टाच्या खिशाला किंवा नाकाला हात लावायची सवय आहे, त्याला पहिला महिना फार जड जातो.

‘डीलर पानं फिरवतो, म्हणून कॅसिनो जिंकतो.’

ही समजूत गावच्या अड्ड्यावरून आली आहे, आणि तिथे ती खोटी असेलच असं नाही. परवाना असलेल्या कॅसिनोला मात्र फिरवाफिरवीची गरजच नसते. ३७ खण आणि मोबदला ३५. या फरकातच घराचा वाटा बसलेला आहे, शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे. हे गणित एकदा नीट कळलेला डीलर स्वतः कुठे खेळायला बसत नाही, असं म्हटलं जातं. निदान बसू नये.

‘जुगार तो जुगार, नोकरीही बेकायदाच.’

ठिकाणावर आहे. गोव्याने आपल्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांवरच्या खेळांची मुभा दिली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ आले. पणजीला मांडवीत दिसतात ती जहाजं याच तरतुदीखालची. तेव्हा नोकरीची जाहिरात वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की काम जहाजावर की हॉटेलात? माणसाने पानं वाटायची टेबलं कायद्याने जहाजांवरच आहेत. गोव्याच्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, त्यामुळे बारावी झाल्या-झाल्या निघण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात मात्र एकही कायदेशीर कॅसिनो नाही. १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा झाला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दच करण्यात आला. चालतो तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. ‘आधी इथल्याच एखाद्या क्लबवर पानं वाटतो, अनुभव तर भेटते’ असं म्हणणाऱ्याने त्याचं कलम ४ समजून घ्यावं. अड्डा चालवणाऱ्याबरोबरच तो चालवायला कोणत्याही प्रकारे मदत करणाराही त्यात सापडतो. पानं वाटणारा मदतच करत असतो. असा गुन्हा नावावर लागला, की चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो आणि कॅसिनोची नोकरीच दुरावते. अनुभव कमवायला जाऊन पात्रता घालवण्याचा हा प्रकार आहे.

ऑनलाइन ‘लाइव्ह डीलर’चा मार्गही आता विसरा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

‘कोर्स केल्याशिवाय घेत नाहीत.’

नवख्या मुलामुलींना घेऊन स्वतःच शिकवण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. खासगी कोर्सने हात बसतो, एवढंच. शेत गहाण टाकून फी भरण्याआधी कॅसिनोच्या मनुष्यबळ विभागाला थेट विचारा, की नवीन भरतीला प्रशिक्षण तुम्ही देता का. बोलण्यापुरतं इंग्रजी आणि हिंदी मात्र हवंच.

टिपांबद्दल थोडक्यात: बहुतेक ठिकाणी त्या एकत्र जमा होऊन वाटल्या जातात, त्यामुळे एका उदार शेठजीवर घर बांधता येत नाही. रात्रपाळी, तासन्‌तास उभं राहणं आणि हरलेल्या माणसाचा राग हे पगारातच धरलेलं असतं. धंद्यावरचा करही चढता आहे. २८ टक्के असलेला जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर गेला. अशा वेळी भरती आधी आखडते.

‘परदेशात तर लाखाच्या खाली पगारच नाही.’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमध्ये कॉम्प्युटरच्या किंवा कॅसिनोच्या कामाचं आमिष दाखवून नेलेल्या भारतीय तरुणांना कुंपणाआड डांबून सायबर फसवणुकीला जुंपलं गेलं आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. या टोळ्यांचा एजंट अनोळखी नसतो. कुणाच्या तरी मामाचा मित्र असतो. तिकीट बँकॉकचं आणि व्हिसा पर्यटकाचा, ही त्यांची ठरलेली खूण.

परदेशी पाठवणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. सापडलं नाही, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.