पिशवी साफ करताना होणाऱ्या वेदना : सोसाव्यात की सांगाव्यात?



गर्भ आपोआप पडला, तरी कधीकधी काही अंश गर्भाशयात राहतो. मग रक्तस्राव थांबत नाही, जंतुसंसर्ग होतो आणि पिशवी साफ करावी लागते. लोक याला ‘क्युरेटिंग’ म्हणतात. हिवरा आश्रमाच्या परिसरात काय किंवा तिकडे जळगाव जामोद, संग्रामपूरच्या सातपुड्यातील पाड्यांवर काय, ‘फार दुखते’ या भीतीने दवाखाना टाळणे जिवावर बेतू शकते.

दुखते का? दोन कारणांनी. उपकरण आत जाण्यासाठी गर्भाशयाचे तोंड थोडे रुंद करावे लागते, आणि पिशवी रिकामी होताना आकुंचन पावते. तेव्हा पाळीसारख्या पण अधिक तीव्र कळा येतात. मनात भीती असेल तर वेदना जास्त जाणवतात.

यावर उपाय आहेत. पूर्वी धातूच्या उपकरणाने पिशवी खरवडत. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या महिन्यांत त्याऐवजी हाताने चालणाऱ्या सिरिंजने ओढून साफ करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेदनाशामक औषध प्रत्येक स्त्रीला द्यावे, असेही तिचे म्हणणे आहे. आयबुप्रोफेनसारखी गोळी आधी देतात आणि गर्भाशयाच्या तोंडाजवळ लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. गरजेप्रमाणे गुंगीचे औषधही देता येते. जवळ बसून हात धरणारी आशाताई किंवा सासूबाई असली, तर मोठा आधार मिळतो.

‘बाईने सोसलेच पाहिजे’ असे काही जण उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन म्हणतात. १८४७ साली स्कॉटलंडचे डॉ. जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हाही हाच आक्षेप निघाला होता. त्यांनी दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवले : आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली होती.

म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा, “दुखू नये म्हणून काय देणार?” औषधाची ॲलर्जी असल्यास सांगा. नंतर एक-दोन दिवस थोड्या कळा येणे स्वाभाविक आहे. परंतु ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढत जाणारी पोटदुखी, चक्कर, किंवा सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजणे ही धोक्याची लक्षणे आहेत. लगेच १०८ ला फोन करा.

आपल्या मंडळीतील भगिनींनी ही माहिती पाड्यावरच्या बायांना त्यांच्या बोलीत सांगावी. वेदना सांगणे म्हणजे विश्वासात कमी पडणे नव्हे.