किगालीचा फॅक्स

रवांडाच्या राजधानीतून, किगालीहून, ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला एक फॅक्स गेला. पाठवणारे होते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे कॅनेडियन सेनानी रोमिओ दालेअर. ‘इंटरहाम्वे’ या हुतू जमातीच्या टोळीच्या आतल्या माणसाने त्यांना टीप दिली होती. शहरातल्या तुत्सी या दुसऱ्या जमातीच्या सगळ्या लोकांची नोंद करायचा त्याला हुकूम होता. ती त्यांना संपवण्यासाठीच असावी, असा त्याचा संशय. आपली माणसं वीस मिनिटांत हजार जण मारू शकतात, असंही तो म्हणाला. आणि काही बेल्जियन सैनिक मारले की बेल्जियम गाशा गुंडाळेल, हा बेतही त्या फॅक्समध्ये होता.

दालेअर यांना छत्तीस तासांत टोळीच्या शस्त्रसाठ्यावर छापा घालायचा होता. मुख्यालयाने नाही म्हटलं. ते अधिकारकक्षेत बसत नव्हतं. उलट, माहिती राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्या कानावर घाला, असं कळवलं. टोळी त्यांच्याच पक्षाची!

खबऱ्या एकटा, कदाचित सापळाही असेल, ही शंका गैर नव्हती. तीनच महिन्यांपूर्वी सोमालियात, मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले होते, त्यामुळे नवं झेंगट कुणालाच नको होतं. पण तुत्सींविरुद्ध विष ओकणारा रेडिओ १९९३पासून उघड चालू होता. ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेलंच असे, त्यामुळे नाक्यावर माणूस वेगळा काढायला कार्ड पुरे. टीप खरी निघाली तर काय, याचा हिशेब मात्र मांडला गेला नाही.

६ एप्रिलला हब्यारिमानांचं विमान पाडलं गेलं. दुसऱ्याच दिवशी दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने फौज काढून घेतली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० जणांवर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली.

आज स्वीडनचं उप्साला विद्यापीठ संगणकाच्या मदतीने दर महिन्याला हिंसाचाराचे अंदाज काढतं. धगधगत्या भागात असे अंदाज बरे जमतात. शांत देशात पहिली ठिणगी कुठे पडेल, ते सांगणं फार अवघड. पण रवांडाची अडचण ती नव्हतीच; इशारा मिळाला होता, पाऊल उचललं गेलं नाही. २००४ साली संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहार रोखण्यासाठी खास सल्लागार नेमला. त्याने धोक्याची सूचना द्यायची. सैन्य पाठवायचं की नाही, हे आजही सुरक्षा परिषदच ठरवते, आणि तिथे पाच कायम सदस्यांपैकी एकाचा नकार पुरतो.