वामनदादांचे शेवटचे कडवे

ज्याला तरुणपणापर्यंत साधे पत्रही वाचता येत नव्हते, तोच पुढे हजारो गीतांचा कर्ता झाला! लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या आयुष्याचे हे सार आहे.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. पोटासाठी ते मुंबईस आले. कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली. शिवडीच्या चाळीत देहलवी नावाच्या गुरुजींनी त्यांना अक्षरओळख करून दिली. पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते जोडाक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार हा त्यांच्या गाण्याचा प्राण. 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटासाठीही त्यांनी लिहिले. पण त्यांचे खरे व्यासपीठ म्हणजे वस्तीतला मांडव. पेटी-ढोलकी घेऊन ते गावोगाव गात हिंडले. भाषण घरी पोचेपर्यंत अर्धे विसरते. चालीवर बसलेला विचार मात्र जात्यावर, शेतावर, कामावर सोबत येतो. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत 'शिका' हा संदेश कानावाटेच जाणार होता, हे दादांनी स्वानुभवाने ओळखले होते.

'वाटचाल' हा त्यांचा गीतसंग्रह १९७३ साली निघाला. तरीही त्यांची गाणी पुस्तकापेक्षा तोंडातोंडीच अधिक पसरली. अशा गाण्याचा कर्ता कोण, हे कळावे कसे? संतांच्या अभंगात 'तुका म्हणे' येते, तसे दादा शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफीत. तीच त्यांची सही.

आमच्या करंजाड्यात जयंतीला ही गाणी लागतात. माझ्या आजीला शाळा ठाऊक नाही, पण पुष्कळ गाणी तोंडपाठ आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मांडवात पुष्कळदा वेळ नाही म्हणून गाणे दोन कडव्यांवर आटोपतात, तेव्हा आजी चिडते. "नाव ऱ्हायलं की!" म्हणते. तिचे खरे आहे. शेवटचे कडवे गळले की गाणे उरते आणि माणूस पुसला जातो.

१५ मे २००४ रोजी दादा गेले. मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओठांवरची गाणी शेवटच्या कडव्यासकट वहीत उतरवून घ्या. आपल्याला लिहिता येते, ते याही कामी यावे.