विश्लेषण : ऑनलाइन वादात लोक उत्तर न देताच गप्प का होतात? ही हार की शहाणपण?

नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी मेसेज येतो – ‘मेथीचे पाणी प्या, मधुमेहाच्या गोळ्या कायमच्या बंद करा.’ पुतणी लिहिते, ‘काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका.’ त्यावर तीन फॉरवर्ड, दोन व्हिडीओ आणि ‘चार बुकं शिकली म्हणून मोठ्यांना शिकवू नकोस’ असे उत्तर येते. पुतणी ते वाचते आणि फोन बाजूला ठेवते. असा प्रसंग बहुतेक घरांत घडतो. पण असे का होते?

खोडून काढणे महाग का पडते?

इटलीतील प्रोग्रामर अल्बर्टो ब्रँडोलिनी यांनी २०१३ मध्ये मांडलेला नियम प्रसिद्ध आहे. निरर्थक दावा करायला जितकी शक्ती लागते, त्याच्या कितीतरी पट शक्ती तो खोडून काढायला लागते. फॉरवर्ड करायला दोन सेकंद पुरतात. तो चूक आहे हे दाखवायला मात्र माहिती शोधा, वाचा, सोप्या भाषेत लिहा. तोवर पुढचा फॉरवर्ड आलेला असतो.

समोरासमोर बोलणारे ऑनलाइन गप्प का?

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने एडवर्ड स्नोडेन प्रकरणावर केलेले सर्वेक्षण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी पाळतीबद्दल प्रत्यक्ष बोलायला ८६ टक्के लोक तयार होते. फेसबुक आणि ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे लिहायला तयार होते फक्त ४२ टक्के. आपले मत एकटे पडेल असे वाटले की माणूस गप्प राहतो, असे जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ मध्येच मांडले होते. ग्रुपवर तर सासर, माहेर, शेजारी सगळेच बघत असतात.

मग गप्प बसणे योग्य का?

स्वतःच्या मनःशांतीसाठी अनेकदा योग्यच. पण त्याची किंमतही असते. ग्रुपमधल्या इतरांना पुतणीचा कंटाळा दिसत नाही. त्यांना दिसतो तो शेवटचा मेसेज, आणि तो काकांचा असतो. कोणीच काही बोलले नाही म्हणजे सगळ्यांना पटले, असा अर्थ निघतो. उद्या कोणी खरेच गोळ्या बंद केल्या तर?

उपाय काय?

एकदाच, शांतपणे, खात्रीच्या माहितीसह लिहावे आणि थांबावे. ते उत्तर काकांपेक्षा गप्प राहून वाचणाऱ्यांसाठी असते. काकांना मात्र फोन करावा. २०१७ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ नियतकालिकातील संशोधनात आढळले, की न पटणारे मत वाचण्याऐवजी आवाजात ऐकले, तर ते मांडणारा माणूस अधिक विचारी वाटतो. ग्रुपवर सगळ्यांसमोर माघार घेणे काकांना जड जाते. फोनवर ‘काका, शेवटची शुगर कधी तपासली?’ एवढे विचारले, तरी बोलणे सुरू होऊ शकते.