किरणोपचारानंतरचा घास

गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. उंचवटा झटकन वर जातो आणि खाली येतो. वर्गातही हा प्रयोग सहज करता येईल. उंचवटा म्हणजे स्वरयंत्र. ते वर उचलले जाताच श्वासनलिकेचे तोंड मिटते, वरचे झाकण कलते आणि मागची अन्ननलिका उघडते.

नवापूर स्थानकाचा फलाट महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत सामाईक आहे. घसाही हवा आणि अन्न यांच्यात तसाच सामाईक. फाटा फुटतो तो स्वरयंत्रापाशी, आणि सुमारे एका सेकंदात सांधा बदलावा लागतो. चुकला की ठसका!

तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झाले, की हा सांधा अडखळू लागतो. सुमारे सात आठवड्यांत ६६ ते ७० ग्रे मात्रा दिली जाते. गाठीशेजारच्या लाळग्रंथी आणि स्नायूही तीत होरपळतात. लाळ आटते आणि भाकरीचा घास तोंडातच फिरत राहतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, स्नायूंत तंतू साचून ते ताठरतात. घशाची जाणीव बोथट झाल्याने अन्न श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही, ही खरी धोक्याची गोष्ट. त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून बेरियम मिसळलेला घास देऊन गिळण्याचे क्ष-किरण चलचित्र घेतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ६० रुग्णांवर केलेली तुलना २०१२ साली प्रसिद्ध झाली. किरणांची तीव्रता जागेनुसार कमीजास्त केल्यास लाळग्रंथी वाचतात आणि कोरड कमी पडते, असे तीत दिसले.

पण यंत्राइतकेच महत्त्व रुग्णाच्या सरावाला आहे. घरची माणसे मायेने म्हणतात, "घशाला विश्रांती द्या." नाकातून नळी घातली की गिळणे थांबतेच. प्लास्टर काढल्यावर हात बारीक झालेला आपण पाहतो. घशाच्या स्नायूंचेही तेच होते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील ४९७ रुग्णांच्या नोंदी २०१३ साली प्रसिद्ध झाल्या. उपचार चालू असताना जे थोडेफार खात राहिले आणि व्यायामही करत राहिले, त्यांचे गिळणे नंतर सर्वांत चांगले राहिले. अर्थात ज्यांना मुळात कमी त्रास होता तेच खाऊ शकले असतील, ही शंका आम्हांला रास्त वाटते. तरीही स्नायूशास्त्र याच बाजूने बोलते. नळी लागली तर ती जरूर घालावी, पण तज्ज्ञ परवानगी देतील तेवढे गिळणे चालू ठेवावे.

व्यायाम साधे असतात. उताणे झोपून, खांदे न उचलता, फक्त डोके वर करून पायांची बोटे पाहायची. आवंढा गिळताना स्वरयंत्र दोन-तीन सेकंद वरच धरून ठेवायचे. काहींना श्वास रोखून गिळायला आणि लगेच खोकायला शिकवतात. कोणता व्यायाम कोणाला, हे गिळण्याचे उपचारतज्ज्ञ तपासून ठरवतात.

पाणी सर्वांत सोपे, हा समज मात्र सोडायला हवा. पातळ पाणी सांधा बदलण्यापूर्वीच घसरते. अशा रुग्णाला नवापुरी तूरडाळीचे घोटलेले दाटसर वरण अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येऊ लागला किंवा वारंवार ताप येऊ लागला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.