काडतुसांच्या खोक्यांची जन्मतारीख

रिव्हॉल्व्हरच्या जुन्या काडतुसांपेक्षा त्यांचं रिकामं खोकं पुष्कळदा जास्त किमतीला जातं, हे नवख्याला पटत नाही. पण काडतूस पितळेचं, ते शंभर वर्षं सहज टिकतं. खोकं पुठ्ठ्याचं. माल संपला की ते चुलीत तरी गेलं, नाहीतर खिळे ठेवायला कामी आलं. जे वाचलं त्याच्यामागे अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले संग्राहक आज भिंग घेऊन लागलेले असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो : हे कधीचं?

सुरुवातीची खोकी खरं तर खोकी नव्हतीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जळून जाणाऱ्या कागदाचं काडतूस भरत. पातळ कागदाची पुंगळी, तिच्यात दारू, टोकाला शिशाची गोळी. खिशात ठेवली तर चुरा व्हायची. म्हणून लाकडी ठोकळ्याला सहा भोकं पाडून एकेकात एकेक काडतूस बसवायचं आणि वरून कागद गुंडाळून लेबल चिकटवायचं. ठोकळ्याभोवती एक फीत असे. ती ओढली की वेष्टन टरकन फाटायचं. सहाच का, तर सिलिंडरला घरं सहा. म्हणजे एक पुडकं फोडलं की एक भरणी. न फाडलेलं पुडकं आज दुर्मीळ असणारच, कारण फाडण्यासाठीच ते बनवलं होतं.

पितळी काडतुसं आल्यावर दुकानात 50 चं खोकं रूढ झालं. लष्कराचा हिशेब वेगळा : फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलची .45 रिव्हॉल्व्हरची पुडकी 12 ची, म्हणजे दोन भरण्या. शिवाय त्यांवर कारखान्याचं नाव आणि साल सरळ छापलेलं. सरकारी कारकुनाचे उपकार मानावेत ते अशा वेळी.

खासगी कंपन्या साल छापत नसत. विंचेस्टरच्या काही लेबलांच्या कोपऱ्यात बारीक आकडे सापडतात, पण ते लेबल छापल्याचे. माल भरल्याचे नव्हेत. मग तारीख काढायची कशी? चित्रावरून तर मुळीच काढू नये. रिव्हॉल्व्हरचं एकदा कोरलेलं चित्र छापखाना वर्षानुवर्षं वापरत राही. पाहायचं ते मालकाचं नाव. युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी 1867 ची, कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टची. 1912 च्या सुमारास लेबलवर ‘रेमिंग्टन-यूएमसी’ हे जोडनाव येतं. 1933 मध्ये ड्यू पाँटने रेमिंग्टनचा ताबा घेतला आणि पुढच्या खोक्यांवर ड्यू पाँटचा लंबगोल शिक्का बसला. विंचेस्टरचं दिवाळं 1931 मध्ये वाजलं. त्याच वर्षाच्या अखेरीस वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने तिला विकत घेतलं. त्यामुळे ‘वेस्टर्नचा विभाग’ अशी ओळ असलेलं खोकं कुणी पहिल्या महायुद्धातलं म्हणून विकत असेल, तर हसून पुढे जावं.

इंग्लंडमध्येही हाच खेळ. लंडनची इली आणि बर्मिंगहॅमजवळच्या विटनची कायनॉक या एकमेकींच्या स्पर्धक. 1918 मध्ये दोघी एका छत्राखाली आल्या. 1920 मध्ये त्या छत्राचं नाव नोबेल इंडस्ट्रीज झालं आणि 1926 मध्ये तेही आयसीआयमध्ये विरघळलं. खोक्यावर आयसीआय दिसलं की 1926 च्या मागे जाता येत नाही. पुढे मात्र किती जायचं ते जपून ठरवावं, कारण उरलेली जुनी लेबलं फेकून देईल असा व्यापारी कुठला?

एक नियम पक्का लक्षात ठेवावा : खोक्यावरची सर्वांत नवी खूणच खरी. ‘धूरविरहित दारू’ हे शब्द 1890 च्या दशकापासून दिसू लागतात; पण ते नाहीत म्हणून खोकं त्याआधीचं ठरत नाही, काळ्या दारूची काडतुसं पुढेही बनत होती. रेमिंग्टनचं ‘क्लीनबोअर’ 1926 च्या आसपासचं. काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या जुन्या टोप्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे नळी गंजायची, ती गंजू नये म्हणून केलेली ही सुधारणा. ‘.357 मॅग्नम’ 1935 च्या आधी नाही. बारकोड असेल तर तुमचं खोकं जेमतेम 1974 नंतरचं. तेही जपून ठेवा, पण नातवंडांसाठी.

नकलाही बक्कळ. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा करणं ही जुनीच कला. पण अतिनील दिव्याखाली तो निळसर चमकला तर संशय घ्यावा. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. चमकला नाही म्हणून अस्सल ठरतो, असंही नाही.

लेबलात राजकारणही सापडतं. ब्रिटिशांच्या .455 वेब्लीसाठी 1898 मध्ये ‘मार्क 3’ आलं : पुढून सपाट, पोकळ तोंडाची, माणूस जागीच पाडणारी गोळी. पुढच्याच वर्षी हेगच्या परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली आणि ‘मार्क 3’ लष्करातून मागे घेतलं गेलं. इतकं अल्प आयुष्य असलेलं लेबल संग्राहकाला हवंहवंसं वाटणारच. या संग्रहातली माझी पसंती विचाराल तर रंगीत अमेरिकन खोकी बाजूला ठेवून मी ‘मार्क 3’चं पुडकं उचलेन.

आपल्याकडे या कहाणीचा धागा खडकीला पोचतो. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा. ‘केएफ’ ही त्याची अक्षरं लष्करी .380 च्या काडतुसांच्या बुडावर दिसतात, तशीच पुढे नागरी परवानाधारकांसाठी केलेल्या .32 वरही. या मालाची खोकी साधी आणि रंगाने उदास, म्हणून कुणी सांभाळली नाहीत. अमेरिकन खोक्यांवर जाडजूड पुस्तकं निघतात. खडकीच्या खोक्यांचीही साल-वार नोंद व्हायला हवी.

तेव्हा वाडवडिलांच्या ट्रंकेत असं एखादं खोकं निघालं, तर आधी आत काय आहे ते पाहा. जिवंत काडतुसं विनापरवाना बाळगणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यांना हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. खोकं रिकामं असेल तर रद्दीत देऊ नका. सहाही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, आणि ते घरात कुणाकडून आलं हे मागे पेन्सिलने लिहून ठेवा.